पाठीला ऊन

थंडीत घरी बसायचं म्हणजे आमच्या बऱ्हाणपुरात घराबाहेर बसायचं. ओट्यावर, गच्चीवर, अंगणात, नाहीतर गल्लीत जिथं ऊन पडलं असेल तिथं. आत बसलेल्या बाईला शेजारीण हमखास हाक मारते, "आत काय करू राहिली वं? भायेर ये, ऊन आलं." या पुस्तकातले बहुतेक लेख अशाच उन्हात बसून लिहिलेले आहेत. एवढी गोष्ट आधी सांगितली नाही तर वाचक गोंधळेल, कारण पुस्तकाचा विषय आहे हिवाळ्यातलं घर आणि लेखागणिक माणसं मात्र घराबाहेर दिसतात.

याचं कारण घराच्या बांधणीतच आहे. तापीच्या खोऱ्यातला उन्हाळा ज्यानं सोसला, त्याला आमची जुनी घरं अशी का हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो. त्याच्याशी झुंजायला हात-हात जाडीच्या भिंती, लहान खिडक्या आणि चारी अंगांनी खोल्यांनी वेढलेलं मधलं घर, जिथं भर दुपारीही दिवा लावावा लागतो. उन्हाळ्यात त्या मधल्या घरासारखं सुख नाही. पण डिसेंबर लागला की तेच मधलं घर माठाच्या पोटासारखं गार पडतं. भिंतींनी रात्रभर प्यालेली थंडी दुपारपर्यंत सुटत नाही. मग घर उलटं होतं. खाट बाहेर येते, निवडायची भाजी येते, मुलांची दप्तरं, आजोबांचा गोळ्यांचा डबा, सगळं उन्हाच्या मागं मागं सरकत राहतं. सकाळी पूर्वेची भिंत, दुपारी ओटा, चार वाजता गच्चीवर जिन्याच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत. माझ्या सासूबाईंची खाट कुठं आहे यावरून किती वाजले हे सांगता येत असे.

बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१.३ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या माध्यान्हीला इथं सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली बरोबर माणसाएवढी. ओट्यावरचं जे छप्पर मे महिन्यात डोक्यावरच्या सूर्याला आत पाऊल टाकू देत नाही, त्याच छपराखालून डिसेंबरातलं तिरपं ऊन पार उंबऱ्यापर्यंत येऊन बसतं. ज्यांचा ओटा दक्षिणेला, त्यांच्याकडे निम्मी गल्ली. वास्तुशास्त्रवाले दक्षिणेच्या दाराला नाकं मुरडतात. त्यांनी एकदा पौषात आमच्या ओट्यावर येऊन बसावं.

२०१६ च्या सुमारास इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत 'हुगे' या डॅनिश शब्दाची लाट आली होती. मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, खिडकीबाहेर काळोख आणि आत चार जिवलग माणसं. भाचीनं त्यातलं एक पुस्तक मला दिलं. ते मी एका बैठकीत वाचलं आणि आवडलंही. पण कोपनहेगनला त्याच २२ डिसेंबरला सूर्य ११ अंशांच्या वर चढत नाही आणि दिवस जेमतेम सात तासांचा. तिथल्या माणसानं दार लावून दिव्याभोवती जमावं हे रास्तच आहे. आमचा सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांहून थोडा मोठाच. भाचीच्या आग्रहावरून एकदा आम्ही मेणबत्त्या लावून बसलो, तर समोरच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "तुमच्याकडेच गेली का लाइट?"

म्हणून या पुस्तकात मेणबत्त्या नाहीत. ऊब आहे. ती कुठून येते याचा शोध आहे. आम्ही बऱ्हाणपूर, रावेर आणि आसपासच्या खेड्यांतल्या काही घरांना एवढंच विचारलं होतं की दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत तुमच्या घरात काय काय होतं ते लिहा. उपदेश नको, 'धावपळीच्या युगात' वगैरे नको, तुमच्या घरात काय होतं तेवढंच. आलेल्या लेखांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. कापूस, पाणी आणि वांगं. त्यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहिते.

कापसाचं असं की हे गावच कापडाचं. सतराव्या शतकात इथून गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं इथल्या तलम, आरपार दिसणाऱ्या कापडाचं वर्णन केलं आहे आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं लिहून ठेवलं आहे. गंमत बघा, बर्फाच्या देशांत आम्ही पाठवत होतो ते सगळ्यात पातळ कापड. आज हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आहे आणि त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडली आहे की वीज गेली की झोपलेलं मूल शांततेनं दचकून उठतं. पण थंडी अडवायला विणलेलं कापड पुरत नाही. त्याच्या पोटात न विणलेला कापूस लागतो.

रजई नव्यानं भरायची हा दिवाळीनंतरचा कार्यक्रम. आता रस्त्याकडेच्या यंत्रात दहा मिनिटांत कापूस पिंजून मिळतो. माझ्या लहानपणी पिंजारीचाचा खांद्यावर धुनकी टाकून गल्लीत येत. येता येता तातेवर एक टोला मारत, तोच त्यांचा पुकारा. जुनी रजई उसवली की आतून वर्षानुवर्षांच्या झोपांनी दाबून दाबून पोळीसारखा झालेला कापूस निघे. तो दोन दिवस उन्हात, मग पिंजायला. तातेच्या प्रत्येक हादऱ्यासरशी त्या कडक पोळीतून एकेक तंतू सुटायचा, फुलायचा, आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर गुडघाभर ढग साचायचा. पिंजारीचाचांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या. आम्ही पोरं त्यांना म्हातारबुवा म्हणायचो, ते खोटं खोटं खोकून दाखवायचे.

कापूस खोळीत भरतात कसा, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना जादू वाटते. तोंडातून मुठीमुठीनं कोंबत नाहीत. खोळ उलटी करून अंथरायची, तिच्यावर कापसाचा सारखा थर लावायचा, हलक्या हातानं वेताच्या छडीनं थापटायचा, मग एका कडेपासून खोळ आणि कापूस मिळून चटईसारखं गुंडाळत न्यायचं आणि शेवटी खोळीचं तोंड त्या गुंडाळीवरून उलटवत आणायचं. उलगडलं की खोळ सुलटी आणि कापूस आत, थर जागचा न हलता. त्यानंतर डोरे. समोरासमोर दोन बायका बसतात, जाड सुई, जाड दोरा, आधी चारी कडा मग आत आत चौकट. डोरा फार ओढला तर तिथं थंडी शिरते, ढिला सोडला तर कापूस सरकतो. सासूबाई म्हणत, डोरे घालताना भांडू नये, टाका घट्ट बसतो. मला वाटायचं हा काहीतरी शकुन असेल. स्वतः डोरे घातले तेव्हा कळलं की तो साधा अनुभव होता.

दोन दुपारी जातात एका रजईला. बाजारातलं मऊ ब्लँकेट हजाराच्या आत मिळतं आणि ते वाईट असतं असं मी म्हणणार नाही, प्रवासाला तेच नेते. पण एकदा परगावाहून तयार रजई विकत आणली होती. पहिल्याच धुण्यात तिच्या पोटात गाठी झाल्या, आणि उसवली तर आत कापसाऐवजी कातरलेल्या चिंध्यांचा भुगा. तेव्हापासून घरात नियम आहे, पोट पाहिल्याशिवाय रजई घ्यायची नाही.

कापसाच्या झाडाचं उपकारखातं रजईवर संपत नाही. वेचणी आटोपली की उरलेल्या पऱ्हाट्या शेतातून गाडीनं येतात आणि परसात रचल्या जातात. त्या बंबात जातात. तांब्याचा बंब, मधोमध निखाऱ्याची नळी, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतावं तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर, असा रोखठोक व्यवहार. घरात एखादा तरी असा असतोच जो गरम काढून नेतो आणि गार ओतायला विसरतो. या पुस्तकातल्या चार लेखांत तो आलेला आहे, तीनांत तो मोठा दीर आहे. गीझर आल्यावर बंब अडगळीत गेले, काही मोडीत निघाले, एकदोन तर हॉटेलांच्या दारात शोभेला उभे आहेत. ज्यांच्याकडे अजून चालतात त्यांच्याकडे आंघोळीला रांग लागते, आणि ती रांग बंबापाशी शेकत उभी असते म्हणून कुणाला घाई नसते.

पाण्याची दुसरी गोष्ट बंबाहून जुनी आहे. जमिनीखालचं पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गार लागतं आणि थंडीच्या पहाटे तेच कोमट, कधी कधी वाफ निघतानाही दिसते. बऱ्हाणपूरला हे शास्त्र पाठ करावं लागलं नाही, कारण गावाच्या पोटातच ते वाहतं. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथं असताना, सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारांतून अडवून गावात आणलं गेलं. इराणी धर्तीची ही रचना. आज आपण तिला कुंडी भंडारा म्हणतो. भुयारांवर ठरावीक अंतरानं कुंड्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटा, त्यांची संख्या शंभराहून जास्त. लिफ्टनं खाली उतरता येतं. उतरा ते जानेवारीत. वर स्वेटर लागतो आणि खाली पाण्यात पाय ठेवून उभं राहिलं की अंगातली हुडहुडी निघून जाते. रहीम म्हटलं की शाळेतल्या दोह्यांची आठवण होते. आमच्या गावानं त्यांची आठवण पाण्यात ठेवली आहे.

इतिहासाची पुस्तकं चाळली तर मात्र बऱ्हाणपूरचा हिवाळा निवांत दिसत नाही. अकबरानं असीरगड घेतला तो जानेवारी १६०१ मध्ये. इंग्रजांचा वकील थॉमस रो इथं आला नोव्हेंबर १६१५ मध्ये, आणि आजारी पडला. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये इथं गेली, तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला पुरलं आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला निघाला. संभाजीराजांनी बहादूरपूर लुटलं ते १६८१ च्या जानेवारीअखेर. पाऊस सरला, नद्या उतरल्या, दाणावैरण हाताशी आली, की फौजा, वकील, पालख्या सगळे वाटेला लागत. राजांचा हिवाळा घराबाहेर पडण्याचा. त्याच दिवसांत घरी राहिलेल्यांनी काय केलं, काय खाल्लं, कशावर झोपले, हे कुणी टिपून ठेवलेलं नाही. या पुस्तकाची कल्पना मला तिथूनच सुचली.

एक टिपण मात्र दगडात आहे. जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशहानं अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला. तो पाहायला बाहेरगावचे लोक येतात ते दोन भाषांसाठी. मी पाहते ती तिथी. शके १५११, पौष शुद्ध दशमी, म्हणजे इंग्रजी हिशेबानं १५९० चा जानेवारी. नक्षत्र, घटिका, सगळं पंचांग त्यात आहे. ज्या पौषात आम्ही लग्नाची बोलणीसुद्धा करत नाही, त्यात मशिदीचा मुहूर्त! पौषाला आमच्याकडे भाकड म्हणतात. लग्न नाही, मुंज नाही, आहेर नाही, रुखवत नाही. बायकांना विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला महिना. या पुस्तकातल्या एका आजींनी लिहिलं आहे की माहेरी सलग आठ दिवस राहायला मिळायचं ते फक्त पौषात, कारण सासरी तेव्हा कुणाचंच काही अडत नसे.

आता वांगं. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यातून परत ताटात येतं. त्या दिवसाला आमच्याकडे वांगेसट म्हणतात आणि तिथून भरिताचा हंगाम सुरू. रावेर-जळगावकडचं भरिताचं वांगं हिरवट पांढरं, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं, बी कमी. भाचीचं ते पुस्तक जगभर गाजत होतं त्याच २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची लाट काही आली नाही.

भरीत गॅसवर होत नाही असं नाही, होतं, पण मग ते वांग्याची भाजी लागतं. पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाळ हवा. वांगी आडवी मांडायची, साल काळी होऊन तडकेपर्यंत हात लावायचा नाही, मग देठाला धरून कूस बदलायची. पाणी टपटपून जाळात चुरचुरतं तो आवाज आला की निम्मं काम झालं. त्याच जाळावर हिरव्या मिरच्या भाजायच्या. सोलताना बोटं पोळतात, गार होऊ दिलं तर साल चिकटते, म्हणून बोटं पोळायचीच. लाकडी भांड्यात ठेचायचं, मिक्सर लावला की गिरगोटा होतो. लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर आणि हात सैल सोडून तेल. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली, नाहीतर पुऱ्या. माणसं शेतात जमली तर वीसपंचवीस, घरी जमली तर जेवढी गल्ली असेल तेवढी. तीन तास लागतात, त्यातले दोन जाळाभोवती बसण्याचे. त्या दोन तासांत गावातल्या सगळ्या भानगडींचा निकाल लागतो.

संध्याकाळी मावा जिलबी. तपकिरी, जाड, गरम. तिच्याविषयी तीन लेख आले होते, तिन्ही एकसारखे, म्हणून एकच घेतला. मुंबईत महंमद अली रस्त्यावर ती बऱ्हाणपूरच्या नावानं खपते, एवढं सांगितलं की पुरे.

इतकं वाचून कुणाला वाटेल की इथं दोन महिने सगळे पाठीला ऊन घेऊन बसलेले असतात. तसं नाही, आणि तसं भासवणारं पुस्तक मला काढायचं नव्हतं. हा केळीचा मुलूख आहे. पारा दहाच्या खाली गेला की केळी चरकते. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घड पोग्यात अडकतो, निसवलेला घड भरत नाही. ज्या रात्री आम्ही नव्या रजईचं कौतुक करत असतो त्याच रात्री केळीवाला मोटर चालू करून बागेत पाणी सोडत असतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार. पहाटे वाऱ्याच्या अंगाला काडीकचरा पेटवून तो धूर करतो, बागेवर पांघरूण घालावं तसा. एका शेतकऱ्यानं या पुस्तकासाठी लिहिलेलं टिपण दीड पानाचं आहे. त्यात तारखा आणि तापमान आहे, बाकी काही नाही. मी त्यात एक शब्द वाढवला नाही.

यंत्रमागावरच्या माणसाचंही तेच. थंडीतली कोरडी हवा सुती धाग्याला मानवत नाही, धागा जास्त तुटतो, तुटला की माग थांबवून गाठ मारायची, आणि मजुरी मीटरवर. बाहेर कोवळं ऊन पडलेलं असताना तो पाणी शिंपडलेल्या ओल्या जमिनीवर उभा असतो. त्याच्या बायकोनं लिहिलेला लेख मला या संग्रहातला सगळ्यात चांगला वाटतो. रातपाळीहून तो परत येईपर्यंत ती त्याचं अंथरूण ओट्यावर उन्हात टाकून ठेवते, तो आला की गरम अंथरूण आत नेते. लेख एवढाच आहे.

भाषेविषयी दोन शब्द. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, २००३ मध्ये वेगळा जिल्हा झालं. पाट्या हिंदीत, शाळा बहुतेक हिंदीत, घरात मराठी, शेतात लेवा बोली किंवा अहिराणी, दुकानात दखनी वळणाची उर्दू. लिहिणाऱ्यांनी रजईला रजई, गुदडी, गोधडी, दुलई असं मनाला येईल ते म्हटलं आहे. शुद्धलेखन सोडून मी काहीही सारखं केलेलं नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये छापली गेली तेव्हा ती त्यांच्या बोलीतच राहिली, आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली ती बोलीला ताठ उभं करणारी. मी अत्रे नाही, पण त्यांचा तेवढा कित्ता गिरवायला हरकत नसावी.

लेख दिवाळीपर्यंत द्या असं सांगितलं होतं. पहिला आला वांगेसटीला, शेवटचा रथसप्तमीनंतर, रजया उन्हं देऊन कडुनिंबाचा पाला घालून पेटीत गेल्यावर. उशीर का झाला असं मी कुणाला विचारलं नाही. बऱ्याच पानांवर तेलाचे डाग आहेत, एकाला काजळी लागलेली आहे, एकावर लहान मुलानं पेनानं केळ काढलं आहे. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाचा परवा फोन आला, "मॅडम, बावन्नाव्या पानावर डागाखाली एक शब्द गेला आहे, लागत नाही." मी मूळ कागद घेऊन गच्चीवर गेले आणि उन्हासमोर धरला. शब्द 'कळण्याची' होता.